कॅल्शियमच्या बाटलीतली गोळी

माझ्या ताईच्या सासरी, राहनाळला, जिन्याला संगमरवर आहे, देवघराला काच आहे आणि अकलेला कुलूप आहे. किल्ली कुठे ठेवली ते त्यांनाच आठवत नाही. जमिनी गोडाऊनला गेल्या, पैसा आला, बंगला झाला, दारात गाड्या झाल्या. पण घरातल्या बाईचं मन आजारी पडू शकतं, एवढी साधी गोष्ट त्या बंगल्याच्या फाटकातून कधी आत आली नाही.

मी कोन गावात आईकडे राहते. नवऱ्याला सोडून आलेली आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण राहनाळला माझी ओळख तेवढीच आहे. कल्याण रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला बसते. दिवसभर ड्रायव्हरांशी हिंदीत भांडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आईशी मराठीत. ताईची सासू म्हणते, हिच्या जिभेला हाड न्हाय. नसेल. त्यांच्या घरात अख्ख्या माणसांना कणा नाही, मी कधी काही बोलले का? आता बोलते.

ताईला धाकटी मुलगी झाली तेव्हापासूनची ही गोष्ट. बाळंतपण नीट झालं, बाळ गुटगुटीत, आणि ताई मात्र विझली. ताट वाढून पुढे ठेवलं तर ताटाकडे बघत बसायची. केस दुसऱ्याने विंचरायचे. बाळ रडायला लागलं की ही रडायची, बाळ गप्प झालं तरी हिचं चालूच. सासूने लगेच निदान केलं, बाहेरचं हाय. मग अंबाडीच्या पुढे कुठल्याशा भगताकडे नेलं. लिंबू झालं, अंगारा झाला, कोंबडं झालं. कोंबडं भगताने खाल्लं आणि ताई होती तशीच राहिली.

शेवटी मी भावोजींसमोर जाऊन उभी राहिले. भावोजी म्हणजे ताईचा नवरा. माणूस वाईट नाही, पण नुसतं वाईट नसून काय उपयोग? चांगलं व्हायला थोडी हिंमत लागते, ती त्यांनी आईच्या ताब्यात दिली आहे. मी विचारलं, "तुम्ही नेता डॉक्टरकडे, की मी नेऊ?"

ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तू ने. पन कुनाला सांगू नको."

मी कल्याणला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक लहानशी पांढरी गोळी दिली, रोज एक. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, आणि सासूने "बघा, मी सांगतला व्हता," असं म्हणून घेतलं. मग एके दुपारी ऑफिसात ताईचा फोन आला. "बाय, आज बोंबलाची चटनी केली. तुजी आठवन आली." एवढंच. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. खिडकीत एक ड्रायव्हर ओरडत होता, "मॅडम, पर्ची दो ना!" मी म्हटलं, "रुक जा दो मिनट, मर नहीं रहा तू." माझी बहीण परत आली होती, त्याला काय कळणार.

मध्ये एकदा डॉक्टरांनी हळूहळू गोळी कमी करून बंद केली, तर काही महिन्यांत पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी सांगितलं, हिला ही गोळी पुष्कळ काळ लागेल, काही बिघडत नाही, कुणाला साखरेची लागते, कुणाला दाबाची. ताई खात राहिली. पोरी वाढल्या. राहनाळच्या घरात त्या गोळीला "डोक्याची गोली" म्हणायचे, तेही आवाज खाली करून, जणू भिंतीला कान नाहीत तर चार लाउडस्पीकर आहेत.

मग गेल्या वर्षी अंघोळ करताना ताईच्या हाताला छातीत गाठ लागली. ठाण्याला तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला.

आणि तेव्हा मी एक तमाशा पाहिला. आमच्याकडे कॅन्सर मिरवता येतो. लोक येतात, शहाळी आणतात, ते काटेरी गुलाबी ड्रॅगन फ्रूट आणतात, सोफ्यावर बसतात, च्च च्च करतात. सासू प्रत्येक बाईला पहिल्यापासून सगळं सांगायची. गाठ कुठल्या बाजूला, केवढी, सुई कशी घातली. माझ्या बहिणीच्या छातीचा रिपोर्ट राहनाळच्या निम्म्या बायकांना तोंडपाठ झाला. त्याची लाज नाही! पण "हिला उदास वाटतं, हिला गोळी चालू आहे," हे एक वाक्य मात्र कुणाच्या कानावर जाता कामा नये. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात ते यांचंच. फक्त काय झाकायचं आणि काय उघडं टाकायचं, तेवढं उलटं.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि ताईच्या धाकट्या दिराला विद्वत्ता फुटली.

या दिराची ओळख करून देते. घरात शिकलेला हा एकटा. बी.एस्सी. आहे, तीही तीनदा बसून. गोडाऊनचं भाडं घेणं सोडलं तर काम काही नाही, म्हणून दिवसभर फोनवर ज्ञान गोळा करतो आणि फॅमिलीच्या ग्रूपवर ओततो. कलिंगडावर पाणी प्यायलात तर काय होतं, डाव्या कुशीवर झोपलात तर काय होतं. त्या दिवशी ग्रूपवर आलं: डिप्रेशनच्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर होतो. लाल अक्षरं, वर इशाऱ्याचा त्रिकोण, खाली जोडलेले हात. त्याने ते नुसतं पाठवलं नाही, सगळ्यांना हॉलमध्ये बसवून वाचून दाखवलं. मी ताईला भेटायला गेले होते, म्हणून त्या सभेला मीही सापडले.

"वैनी, सिंपल आहे," तो म्हणाला. "या गोळ्या हार्मोन बिघडवतात. तुमचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा आहे, रिपोर्टमध्ये लिहिलंय. आता तुम्हीच जोडा."

"कुणी लिहिलंय हे?" मी विचारलं.

"फॉरेनच्या डॉक्टरांनी."

"कुठल्या? नाव काय?"

"नाव कशाला पाहिजे? रिसर्च आहे तो."

"अहो, बिननावाचं तर आम्ही पार्सलही उचलत नाही. तुम्ही बाईचा जीव उचलायला निघालात?"

सासू मध्येच माझ्यावर उलटली. "कल्यानला तूच नेलंस हिला. आमी भगताकडं नेत व्हतो, त्यान काय कॅन्सर झाला असता?"

 गाढवापुढे वाचली गीता. मी ताईकडे पाहिलं. ती त्या मोठ्या सोफ्याच्या कडेला बसली होती, पाहुणी बसते तशी. चेहरा पाहूनच मला कळलं. तिला ते पटलं होतं.

नंतर स्वयंपाकघरात तिने मला विचारलं, "बाय, म्हंजे हा मीच खाऊन खाऊन आनला?"

"काही नाही तसं. डॉक्टरांना विचारू आपण."

"नको. आता विचारून काय करू? दोन पोरी हायत माज्या. रोज सकाली उठून मी माज्या हातानं..."  तिने ओटा पुसायला घेतला, पुसलेलाच ओटा.

त्या मेल्याने एका फॉरवर्डने काय केलं बघा. कॅन्सर तर होताच, त्यावर पापाची गाठ बांधून दिली. मी त्या दिवशी त्याला नाही नाही ते बोलले. तो फक्त हसला आणि म्हणाला, "तुम्ही इमोशनल होताय." गोळी बंद करायचं ठरलं. ऑपरेशन तोंडावर होतं, भावोजी नेहमीप्रमाणे छताकडे बघत होते, आणि ताईच मला म्हणाली, "जाऊ दे बाय, भांडू नको." मी कोनला परत आले.

ऑपरेशन झालं. मग किरणांचा शेक देण्याच्या फेऱ्या झाल्या, ज्याला सगळे "लाइट घेणं" म्हणतात. होळीनंतर ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी एक गोळी सुरू केली, हार्मोनला अडवणारी, कॅन्सर परत येऊ नये म्हणून. निदान पाच वर्षं घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. ही गोळी घ्यायची वेळ झाली की सासू स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहायची, पाहुणे असतील तर हमखास. "आमची सून बगा, कशी येलेवर घेते." मी बघत होते आणि मला एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. कल्याणच्या गोळीशिवाय ताई राहते कशी? जरा हसते, जेवते, मुलीच्या लग्नाचं बोलते. मोठीचं लग्न जमलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर होणार होतं. मला वाटलं, चला, मुलीच्या आनंदाने सावरली. बरं झालं.

दसऱ्यानंतर ताई माहेरपणाला कोनला आली. लग्नाच्या धामधुमीआधी जरा आराम, असं म्हणून आईनेच आणवलं. तिच्या पिशवीत औषधांचा डबा होता, त्यात हार्मोनच्या गोळीची पट्टी होती, आणि कॅल्शियमची एक मोठी पांढरी बाटली होती. वर हाडाचं चित्र.

आमच्याकडे गोळ्या लोणच्यासारख्या वाटल्या जातात. तुझी गुडघ्याची बरी की माझी बरी, दे गं एक, बघू. आईचे गुडघे धरलेले, तिचं कॅल्शियम संपलेलं. तिने ताईला न विचारताच त्या बाटलीतली एक घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. मुलीची वस्तू, विचारायचं काय त्यात?

आईला मळमळायला लागलं. घाम यायला लागला. भर दिवसा बसल्या जागी डोळे मिटायला लागले. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ती भाजी निवडता निवडता भिंतीला टेकून झोपलेली, मेथीची जुडी मांडीवर. मी घाबरले. काय खाल्लंस, काय प्यायलीस, विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय गं, तुज्या ताईचा कॅल्शियम घेतला. चांगला हाय, बारीक हाय, घशात अडकत न्हाय."

बारीक कॅल्शियम? कॅल्शियमची गोळी खडूच्या तुकड्याएवढी असते, गिळताना डोळ्यांत पाणी येतं. मी बाटली उघडली. आत लहान लहान पांढऱ्या गोळ्या. मी त्या ओळखल्या. पहिल्या महिन्याच्या मीच आणल्या होत्या ना कल्याणहून.

ताई मागे दारात उभी होती. मी काही विचारायच्या आत ती रडायला लागली, आणि मग सगळं सांगितलं.

गोळी एकदम बंद केल्यावर तिला चक्कर यायला लागली होती. डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. झोप नाही, सतत डोळ्यांतून पाणी. हे डॉक्टरांना सांगावं की नाही? नाही. त्याच सुमारास मुलीला बघायला पाहुणे आले, आणि चहाचा ट्रे हातात असताना ताई त्यांच्यासमोर हुंदके देऊन रडली. सासूने "ऑपरेशन हाय ना, घाबरलीय," असं सांगून वेळ मारून नेली. पाहुणे गेल्यावर तिने त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने, ताईला ती गोळी पुन्हा सुरू केली. दिराला विचारून. तो विद्वान म्हणाला, "लग्नापर्यंत चालू दे. नंतर बंद करू."

मी पुन्हा विचारलं, "तो असं म्हणाला? ज्याने सांगितलं की याने कॅन्सर होतो?"

"व्हय."

म्हणजे बघा. त्यांच्या मते ती गोळी कॅन्सर करते. हे खोटं आहे ते सोडा, पण त्यांना ते खरं वाटत होतं! आणि खरं वाटत असूनही त्यांनी ती तिला चारली, कारण लग्नात रडणारी आई नको. तिला पुन्हा कॅन्सर झाला तर चालेल, पण हळदीत डोळे कोरडे हवेत. मी आयुष्यात बरेच हलकट पाहिले आहेत, एकाशी तर लग्न केलं होतं. पण अशी थंड डोक्याची नीचता नाही पाहिली. आणि ही माणसं दर गुरुवारी उपास करतात!

"आणि ही बाटली?"

पट्टीवर नाव असतं, नाव फोनवर टाकलं की सगळं कळतं, म्हणून सासू पहिल्यापासूनच दर महिन्याला गोळ्या पट्टीतून काढून कॅल्शियमच्या बाटलीत भरायची. रिकाम्या पट्ट्या कात्रीने बारीक कापून गोडाऊनच्या कचऱ्यात टाकायची. खुनी माणूससुद्धा एवढा पुरावा मिटवत नाही.

मग मी तो प्रश्न विचारला. "ताई, ठाण्याच्या डॉक्टरांनी विचारलं असेल ना, आणखी काय औषधं चालू आहेत?"

"विचारला व्हता. बोलल्या, असतील नसतील त्या सगल्या गोल्या घेऊन या. भावोजी आनि आई व्हते संगतीला." तिचा भावोजी म्हणजे तो दीर, आणि आई म्हणजे सासू. "त्यांनी बाटली दाखवली. बाईंनी वरचा नाव वाचला, बोलल्या, कॅल्शियम चालेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली, रिक्षा केली आणि ताईला घेऊन ठाण्याचं हॉस्पिटल गाठलं. आईला आधी कोनच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, दोनतीन गोळ्यांनी काही होत नाही, दुसऱ्याची औषधं खाऊ नका. आई म्हणाली, "दुसऱ्याची कुटं? पोरीची खाल्ली."

ठाण्याच्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं की हे कॅल्शियम नाही. मग कल्याणची जुनी चिठ्ठी फोनवर होती ती दाखवली. त्यांनी नाव वाचलं आणि चष्मा काढला.

ताईने त्यांना बोलू दिलं नाही. माझ्या गरीब बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरचं वाक्य तोडलं. "बाई, आधी मना एक सांगा. ह्या गोलीनं मना कॅन्सर झाला का?"

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळ जणी आणतात. यावर अभ्यास झालेले आहेत. काहींत शंका आली होती, पण बहुतेकांत या गोळ्यांचा आणि या कॅन्सरचा ठाम संबंध दिसलेला नाही. कुठल्याच औषधाबद्दल मी कधीच-नाही असं म्हणत नसते. पण तुम्हाला या गोळीमुळे झाला, असं म्हणायला माझ्याकडे काही कारण नाही."

"म्हंजे माज्यामुलं न्हाय झाला?"

"नाही. तुमच्यामुळे नाही झाला."

ताईने पदर तोंडावर धरला आणि इतकी रडली की बाहेरच्या सिस्टरने दार उघडून पाहिलं. वर्षभर ती हे उरावर घेऊन झोपत होती. ऑपरेशनच्या टेबलावर, लाइटच्या मशीनखाली, मुलीची सोयरीक जमताना, सगळीकडे. एका जोडलेल्या हातांच्या फॉरवर्डमुळे!

ती शांत झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण दुसरी गोष्ट मला सांगावी लागेल." त्यांनी सावकाश समजावलं. आपण हार्मोनला अडवायला जी गोळी देतो, ती पोटात गेल्यावर शरीर तिच्यातून खरं जोरदार औषध तयार करतं. ही मनाची जी विशिष्ट गोळी आहे, ती ते तयार होण्याच्या वाटेत येते. मनाच्या सगळ्या गोळ्या असं करत नाहीत, ही करते. मला माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी कल्याणच्या डॉक्टरांशी बोलून ही बदलून घेतली असती. साधी गोष्ट होती.

"मग होळीपासून आतापर्यंत?" मी विचारलं. "ती कॅन्सरची गोळी फुकट गेली?"

"फुकट गेली असं म्हणत नाही. पूर्ण काम करत होती की कमी, ते सांगता येत नाही. फरक किती पडतो यावर डॉक्टरांमध्येही वाद आहेत. पण टाळता येत असताना मी तुमच्या बहिणीवर जुगार का खेळू?" मग बाटली हातात घेऊन त्या हाडाच्या चित्राकडे बघत विचारलं, "हे कुणाचं डोकं?"

"माज्या सासूचा," ताई म्हणाली.

बाईंनी बाटली बाजूला ठेवली. ताईला बजावलं की मनाची गोळी आजच्या आज बंद करायची नाही, मागच्या वेळी काय झालं ते आठवा. तिथूनच कल्याणला फोन केला. पुढच्या काही आठवड्यांत जुनी कमी कमी करत आणि दुसरी वाढवत गोळी बदलली. ही नवीन गोळी त्या हार्मोनच्या गोळीच्या आड येत नाही. तपासण्या आता जरा लवकर लवकर करू, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

मी ताईबरोबर राहनाळला गेले आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर हे सांगितलं. शब्द न गाळता. मला वाटलं होतं, निदान मान खाली जाईल. कसली जाते! तो दीर पायावर पाय टाकून बसला होता, त्याचा चेहरा उजळला.

"बघा, म्हणजे गोळीत गडबड होतीच. मी बोललो होतो की नाही?"

 चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराने बक्षीस मागावं?

"साहेब," मी म्हटलं, "गोळीने कॅन्सर झाला नाही. तुम्ही लपवलेली गोळी कॅन्सरच्या औषधाला नडली. डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं. फरक कळतो का?"

"तेच ते."

"तेच ते नाही! एकात गोळी दोषी आहे, दुसऱ्यात तुम्ही."

"वैनीला काही झालंय का आता? चांगल्या आहेत ना? मग कशाला पराचा कावळा?"

सासू म्हणाली, "आमी काय तिच्या वायटासाठी केला? पोरींची लग्ना व्हायला नकोत?" आणि भावोजी छताकडे बघत होते. त्या घराच्या छताला पीओपीची नक्षी आहे, लग्न झाल्यापासून ते तीच बघत आले आहेत. मी पाणीसुद्धा न पिता निघाले. त्या घरातल्या माणसांवर रागावणंही जास्त होतं, राग माणसावर करतात.

तुळशीचं लग्न झालं आणि भाचीची हळद आली. ताईसाठी मी गेले. अंगणात मांडव, एका बाजूला बँजोवाले, मध्ये पाटावर भाची आणि तिच्याशेजारी धवलारीण बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात होती. दिराने डोक्याला फेटा बांधून व्हिडिओ काढायचं काम घेतलं होतं. नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या, त्यांच्यात नवऱ्याची आत्या होती, ठसठशीत बाई, तिच्यापुढे सासूची नुसती धावाधाव. जेवणं झाली. ताई त्या आत्याशेजारीच खुर्चीवर बसली होती. तिने पर्स उघडली आणि गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. दोन्ही. नाव छापलेल्या.

सासू लगबगीने आली आणि कानाशी वाकून पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आत जाऊन खा ना."

ताईने मान वर केली. आवाज चढवला नाही. "का? कॅन्सरची गोली मना समद्यांच्या समोर दिलीत. पानी घेऊन उभ्या रहात व्हत्या. हिला पन पानी द्या."

बँजो चालूच होता. दिराने फोन खाली घेतला. नवऱ्याच्या आत्याने विचारलं, "कसली गो ही?"

"डोक्याची," ताई म्हणाली. "मना उदास व्हतं. लय वरसां खाते."

"हां," आत्या म्हणाली. आणि मग सासूकडे वळून विचारलं, "मटनाचा रस्सा उरलाय का गो? आमच्या डायवरला द्याचा हाय."

बस. एवढंच झालं. ज्याच्यासाठी पट्ट्या कात्रीने कापल्या, डॉक्टरांशी खोटं बोलले, माझ्या बहिणीचे ते महिने पणाला लावले, ती इज्जत एका वाटी रश्श्याएवढीही निघाली नाही. मला हसू आलं आणि त्याच वेळी मला त्या सगळ्यांच्या तोंडावर काही तरी फेकून मारावंसं वाटलं. ते महिने कुणी परत आणून देणार नाही. पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे, आणि तोवर मला रोज झोप लागतेच असं नाही.

सासू रस्सा आणायला पळाली, पाणी न देताच. शेवटी भाचीच पाटावरून उठली. धवलारीण "अगो, उठू नको," म्हणेपर्यंत ती टेबलाकडे गेली आणि ग्लास भरून घेऊन आली. हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले, ग्लासाला बोटं लागलेली. तिने ग्लास आईच्या हातात दिला, तिच्या मांडीवरच्या दोन्ही पट्ट्या उचलल्या आणि त्यांच्यावरची नावं एकेक अक्षर लावत वाचली.

"मम्मी, या दोन्ही एकत्र चालतात ना?"

"चालतात," ताई म्हणाली. "विचारून घेतलाय."